आधी मत कुणाचे गेले? श्रीलंकेची यादवी आणि आपण बौद्ध



मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग होता. विषय होता लोकशाही आणि अल्पसंख्याक. माझे बोलून झाल्यावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आमच्या कॉलेजात एक प्राध्यापक वर्गात सांगतात की श्रीलंकेत कमी मार्कांवर अॅडमिशन द्यायला सुरुवात केली आणि तिथे पंचवीस-तीस वर्षं युद्ध झालं. आरक्षण असंच चालू राहिलं तर इथंही तेच होईल म्हणतात. काय उत्तर द्यायचं?"

मी उत्तर दिले. टाळ्याही पडल्या. पण घरी येताना मला ठाऊक होते की ते उत्तर नव्हते, भाषण होते. मेरिटवाल्यांचा खोटेपणा, मनुवाद वगैरे नेहमीचे सगळे त्यात होते. फक्त श्रीलंका नव्हती. आणि खरे सांगायचे तर श्रीलंकेबद्दल बोलायचे मी टाळले होते, कारण त्याच्या दोन वर्षे आधी मी तिथे धम्मयात्रेला जाऊन आलो होतो आणि तिथला एक प्रश्न तेव्हापासून मनात अडकून राहिला होता.

अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहिला, कँडीचे दंतधातूचे मंदिर पाहिले. सोबतच्या बायाबापड्यांचे डोळे भरून आले होते, माझेही आले. कँडीहून नुवारा एलियाला जाताना आमची बस हॅटनच्या बाजूने गेली. दोन्हीकडे डोंगरभर चहाचे मळे. गाडीत काही बिघाड झाला म्हणून दीड-दोन तास थांबावे लागले. तिथे मळ्यातल्या शाळेत शिकवणारा एक तरुण भेटला. इंग्रजी बरे बोलत होता. मागे मजुरांच्या 'लाइनी' होत्या. लाइनी म्हणजे एकाला एक चिकटलेल्या दहा बाय बाराच्या खोल्या, इंग्रजांनी बांधलेल्या. मी सहज विचारले, तुमचे लोक इथे कधीपासून? तो म्हणाला, चार-पाच पिढ्या. मग म्हणाला, "माझ्या आजोबांनी १९४७ साली मतदान केलं. माझा बाप इथेच जन्मला, इथेच म्हातारा झाला, पण त्याला मत मिळालं ते केस पांढरे झाल्यावर."

मी विचारले, तुमची जात? तो जरा थांबला. इथे असे कुणी विचारत नाही म्हणाला. मग सांगितले, पल्लर. तामिळनाडूतली दलित जात.

श्रीलंकेचे युद्ध समजून घ्यायचे तर मला वाटते सुरुवात प्रभाकरनपासून किंवा १९८३ च्या दंगलीपासून करायची नाही. या लाइनींपासून करायची.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कँडीच्या डोंगरात आधी कॉफी आणि मग चहा लावला, तेव्हा तिरुचिरापल्ली, मदुराई, तिरुनेलवेली, रामनाथपुरम या भागांतून मजूर आणले. कंगाणी नावाचा मुकादम गावात जाऊन उचल देऊन माणसे गोळा करायचा आणि ती उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. आलेल्यांत बहुसंख्य पल्लर, परैयर, चक्किलियर. म्हणजे आपले लोक. देश स्वतंत्र होताना श्रीलंकेच्या लोकसंख्येत हे साधारण ११ टक्के होते आणि देशाची परदेशी चलनाची कमाई मोठ्या प्रमाणात यांच्या बोटांवर उभी होती.

१९४७ च्या निवडणुकीत त्यांनी आपले प्रतिनिधी निवडून आणले. जिथे उमेदवार नव्हता तिथे डाव्यांना मते दिली. हे नव्या सत्ताधाऱ्यांना खुपले. ४ फेब्रुवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. तुमचा बाप किंवा आजा-पणजा इथे जन्मला याचा पुरावा दाखवा, नाहीतर तुम्ही नागरिक नाही. डोंगरातल्या लाइनीत जन्मलेल्या मजुराच्या बापाचा जन्मदाखला कुठून येणार? (हे वाचताना कुणाला आसाम आठवला तर त्यात माझा दोष नाही.) पुढच्या वर्षी आणखी दोन कायदे आले आणि जे नागरिक नाहीत त्यांचा मताधिकार गेला. सात लाखांच्या आसपास माणसे एका फटक्यात बिनदेशी झाली. वर डोके चक्रावणारी गोष्ट अशी की मतदारसंघ पाडताना ही माणसे लोकसंख्येत मोजली जात राहिली. म्हणजे जागा त्यांच्या डोक्यांवर वाढल्या आणि निवडून आले दुसऱ्यांचे आमदार. त्या डोंगरातल्या सिंहली मताचे वजन आपोआप वाढले.

आता या कायद्यांना कुणी हात वर केले ते पाहा. उत्तरेकडच्या जाफनाच्या तमिळांचे पुढारी होते जी. जी. पोन्नम्बलम. पहिल्या कायद्याला त्यांनी विरोध केला, मग मंत्रिमंडळात गेले आणि पुढच्या कायद्याला पाठिंबा दिला. त्यांचे सहकारी चेल्वनायकम मात्र बाहेर पडले आणि त्यांनी १९४९ मध्ये वेगळा पक्ष काढला. चेल्वनायकम यांचे म्हणणे साधे होते: आज मळ्यातल्या मजुराचे मत गेले, उद्या आपली भाषा जाईल. जाफनातल्या पुष्कळ वेल्लाळांना मात्र मळ्यातले मजूर आपले वाटतच नव्हते. भाषा एक होती, पण जात आडवी आली.

कायद्याविरुद्ध लोक कोर्टात गेले. श्रीलंकेच्या राज्यघटनेत कलम २९ होते. कुठल्याही एका समाजाला नुकसान किंवा खास सवलत देणारा कायदा संसदेने करू नये, असे ते म्हणत होते. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९५३ मध्ये निकाल लागला की कायदा वैध आहे, कारण त्यात कुठल्याही समाजाचे नाव लिहिलेले नाही. नाव न घेता जात कशी मारायची हे आपल्याला माहीत आहेच.

४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी आपल्या संविधान सभेत मसुदा मांडताना केलेले भाषण काढून वाचा. अल्पसंख्याकांची शक्ती स्फोटक असते आणि तिचा स्फोट झाला तर राज्याचा सगळा डोलारा उडू शकतो, असा इशारा त्यात आहे. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांशी भेदभाव न करण्याचे आपले कर्तव्य ओळखले पाहिजे, असेही त्यात आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी श्रीलंकेचा तो नागरिकत्व कायदा अमलात आला. बाबासाहेब श्रीलंकेबद्दल बोलत नव्हते, पण पुढच्या साठ वर्षांचा श्रीलंकेचा इतिहास त्या भाषणाचे भाष्य म्हणून वाचता येतो.

बाबासाहेब राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांत फरक करत. राजकीय बहुमत घडते आणि मोडते. आज तुम्ही अल्पमतात असाल तर उद्या लोकांना पटवून बहुमतात येऊ शकता. जातीय बहुमत जन्माने ठरते, त्याचे दार बाहेरच्याला कधीच उघडत नाही. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी असा आराखडा मांडला होता की कायदेमंडळात बहुसंख्य समाजालाही निम्म्याहून जास्त जागा असू नयेत. त्याच सुमारास पोन्नम्बलमसुद्धा फिफ्टी-फिफ्टी मागत होते, म्हणजे निम्म्या जागा सिंहलींना आणि निम्म्या बाकी सगळ्यांना. दोन्ही मागण्या हसण्यावारी नेल्या गेल्या. फरक इतकाच की बाबासाहेबांची मागणी सर्वांत खालच्या माणसापासून सुरू होत होती आणि पोन्नम्बलम यांनी सर्वांत खालच्या माणसाला सोडून दिले.

मे १९५० मध्ये बाबासाहेब कँडीला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. कोलंबोत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध होण्याचे आवाहन केले आणि तिथल्या बौद्धांना त्यांची काळजी घ्या असे सांगितले. त्या वेळी कँडीच्या भोवतालच्या डोंगरांतल्या लाखो दलित मजुरांची मते नुकतीच गेलेली होती. तिथल्या बौद्धांनी बाबासाहेबांचे किती ऐकले ते १९५६ ने दाखवले.

१९५६ म्हटले की आपल्याला दीक्षाभूमी दिसते. त्याच वर्षी, बुद्ध जयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षाच्या उत्साहात, जूनमध्ये श्रीलंकेच्या संसदेने एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा मंजूर केला. इथे मला फार सावध व्हावे लागते, कारण आपल्या चळवळीला टोचणारा मुद्दा इथेच आहे. पंतप्रधान बंडारनायके यांनी ती लढाई बहुजनांची म्हणूनच लढवली होती. भिक्खू, देशी वैद्य, शिक्षक, शेतकरी, कामगार या पाच शक्तींची एकजूट त्यांनी उभी केली. इंग्रजी शिकलेल्या मूठभरांनी देश बळकावला आहे, तो सामान्य माणसाला परत द्यायचा, अशी ती भाषा होती. आणि ती सगळी खोटी नव्हती. जाफनात अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळा लवकर आल्या, तिथली जमीन कोरडी, म्हणून वेल्लाळ पोरे इंग्रजी शिकून सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या मानाने जास्त गेली. कोलंबोतला इंग्रजाळलेला सिंहली वर्गही तसाच माजलेला होता. ऑगस्ट १९५३ मध्ये सरकारने रेशनच्या तांदळाचा भाव २५ सेंटवरून ७० सेंट केला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधानाला जावे लागले. राग खरा होता. तो पोटाचा होता. १९५६ ने त्या रागाचा पत्ता बदलून दिला.

मग आपल्या बहुजन राजकारणात आणि त्यांच्यात फरक काय? मला सापडलेली कसोटी अशी: सगळ्यात तळाच्या माणसाला काय मिळाले ते बघा. १९५६ च्या त्या क्रांतीने मळ्यातल्या मजुराला मत परत दिले नाही, नागरिकत्व दिले नाही, जमीन दिली नाही. जाफनातल्या दलिताच्या पोराची भाषाही वेल्लाळाच्या भाषेबरोबरच दारातून बाहेर गेली. मक्तेदारी मोडायची होती तर तमिळ दलिताला वर घेता आले असते. त्यांना मक्तेदारी मोडायची नव्हती, तिचा मालक बदलायचा होता.

आणि ज्या संघाच्या नावाने हे चालले तो संघ? सर्वांत मोठ्या सियाम निकायात उपसंपदा फक्त गोयिगम या वरच्या जातीला मिळत होती. खालच्या मानलेल्या जातींना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली, त्यातून अमरपूर निकाय निघाला. बुद्धाने उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली हे आपण पोरांना सांगतो. कँडीत मी ज्या मंदिरात डोके टेकले तिथला कारभार या संघाच्या हातात आहे, हे मला परत आल्यावर कळले.

१९५७ मध्ये बंडारनायके आणि चेल्वनायकम यांच्यात करार झाला. तमिळ भागाला थोडी स्वायत्तता, तमिळ भाषेला थोडी जागा. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानाच्या घरासमोर ठिय्या दिला आणि करार रद्द झाला. महिन्याभरात दंगली पेटल्या. पुढच्या वर्षी एका भिक्खूने बंडारनायकेंनाच गोळ्या घातल्या. कटामागे केलनिया विहाराचा प्रमुख होता आणि त्याच्या रागामागे जहाज वाहतुकीच्या आणि साखरेच्या धंद्यातले हितसंबंध होते. जो वाघ त्यांनी पोसला त्याला भाषेपेक्षा कंत्राटाची भूक जास्त होती.

भाषेचा कायदा हा मुळात नोकरीचा कायदा होता, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे कळत नाही. चहा, रबर आणि नारळ या तीन पिकांवर देश जगत होता. साठच्या दशकात त्यांचे जागतिक भाव पडत गेले. कारखाने नाहीत. १९४५ पासून शिक्षण मोफत झालेले, म्हणजे शिकलेली पोरे दरवर्षी वाढत होती, आणि त्यांना देण्यासारखी नोकरी होती ती सरकारीच. कोडीश्वरन नावाच्या एका तमिळ सरकारी कारकुनाने सिंहलीची परीक्षा द्यायला नकार दिला म्हणून त्याची वार्षिक वेतनवाढ रोखली गेली. तो कोर्टात गेला. खालच्या कोर्टाने १९६४ मध्ये सांगितले की भाषेचा कायदा कलम २९ च्या विरुद्ध आहे. प्रकरण वर-खाली फिरत राहिले आणि १९७२ मध्ये नवी राज्यघटनाच आली. तिच्यात कलम २९ नव्हते. बौद्ध धर्माला अग्रस्थान होते. ती घडवणारे मंत्री कोल्विन डी सिल्वा हे ट्रॉट्स्कीवादी. १९५६ मध्ये संसदेत एक भाषा लादाल तर दोन राष्ट्रे होतील असे बजावणारेही तेच. डाव्यांवर विसंबून राहू नका असे बाबासाहेब का म्हणत, याचे याहून चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

दरम्यान १९६४ मध्ये मळ्यातल्या माणसांची वाटणी झाली. शास्त्रीजी आणि सिरिमावो बंडारनायके यांच्यात करार झाला: ९ लाख ७५ हजारांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यायचे, ३ लाख त्यांनी ठेवायचे, उरलेल्या दीड लाखाचे नंतर बघू. पोत्यांसारखा हिशेब. कुणी विचारले नाही की तुम्हाला कुठे राहायचे आहे. निलगिरीत आजही त्यांची वस्ती आहे, पुन्हा चहाच्याच मळ्यांत.

एप्रिल १९७१ मध्ये बंड झाले ते तमिळांचे नव्हते. खेड्यांतली शिकलेली, बेकार सिंहली पोरे जेव्हीपीच्या झेंड्याखाली उठली आणि सरकारने हजारोंना मारले. म्हणजे सिंहली भाषा राज्यावर बसवूनही सिंहली पोराला नोकरी मिळाली नव्हती. सरकारने यातून धडा काय घेतला? कॉलेजच्या जागा फिरवल्या.

आता त्या प्राध्यापकाच्या मुद्द्याकडे येऊ. त्याच सुमारास वैद्यकीय प्रवेशासाठी तमिळ विद्यार्थ्याला ४०० पैकी २५० आणि सिंहली विद्यार्थ्याला २२९ गुण लागतील अशी व्यवस्था झाली. तमिळ पोरे संतापली आणि त्यांच्यातूनच बंदुका उचलणारी पिढी निघाली, एवढे खरे. पण ही सवलत कुणाला होती? देशात तीन-चतुर्थांश असलेल्या, संसद, सैन्य, नोकरशाही आणि धर्मपीठ हातात असलेल्या समाजाला. आपल्याकडचे त्याचे रूप करून पाहायचे तर सवर्णांना कमी मार्कांवर प्रवेश आणि दलितांना जास्त, असे करावे लागेल. आरक्षण हे सत्तेबाहेरच्यांना आत घेण्यासाठी आहे. श्रीलंकेत सत्तेतल्यांनी बाहेरच्यांसाठी दार अरुंद केले. प्राध्यापकसाहेबांनी उदाहरण बरोबर निवडले, फक्त उलटे धरले.

तरीही मी त्या मुलाला दुसरी बाजूही सांगेन. पुढे १९७४ मध्ये जिल्हावार कोटा आला. त्याने मागास जिल्ह्यांतल्या पोरांना, त्यात तमिळ आणि मुस्लीम पोरेही आली, थोडी वाट मिळाली. नुकसान झाले ते मुख्यतः जाफना आणि कोलंबोतल्या वरच्यांचे. ती तरतूद मला चुकीची वाटत नाही. पण भाषेवरून गुण कापल्याची जखम ताजी होती, त्यामुळे दोन्ही गोष्टी तमिळांच्या मनात एकच झाल्या. चांगला उपाय वाईट सत्तेच्या हातून आला की त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

जाफनातल्या दलितांची कोंडी तर दोन्हीकडून. १९६८ मध्ये माविट्टपुरमच्या मंदिरात प्रवेशासाठी त्यांनी सत्याग्रह केला. दारात आडवे उभे राहिलेल्यांत सुंदरलिंगम होते, ऑक्सफर्डला शिकलेले गणिताचे प्राध्यापक, माजी मंत्री आणि वेगळ्या तमिळ राज्याची मागणी करणारे. काळाराम मंदिर आठवा. सिंहलींकडे समता मागणाऱ्यांना देवळाच्या दारात समता नको होती. पुढे युद्ध पेटल्यावर ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख होती ते लंडनला, टोरोंटोला गेले. वन्नीच्या जंगलात मरायला राहिली ती गरिबांची पोरे. आणि त्यांच्या नावाने लढणाऱ्या एलटीटीईने १९९० मध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना काही तासांत घरे सोडायला लावली, तमिळ पुढाऱ्यांचे खून केले, शाळकरी पोरांच्या हाती बंदुका दिल्या. मला त्यांचे कौतुक नाही.

१९७७ नंतर सगळे वेगाने झाले. जयवर्धने यांच्या पक्षाला साधारण ५१ टक्के मते आणि १६८ पैकी १४० जागा मिळाल्या. बाजार खुला झाला, आयात सुरू झाली आणि जाफनाचा मिरची-कांदा पिकवणारा शेतकरी बसला. महावेली प्रकल्पाच्या पाण्यावर सिंहली वसाहती वसवल्या गेल्या, तमिळ आणि मुस्लीम भागांतले लोकसंख्येचे प्रमाण बदलत गेले. १९८० मध्ये संप करणाऱ्या हजारो कामगारांना घरी बसवले. १९८१ मध्ये जाफनाचे ग्रंथालय जाळले, त्यात सुमारे ९७ हजार ग्रंथ होते. १९८२ मध्ये निवडणूकच न घेता संसदेची मुदत वाढवली. जुलै १९८३ मध्ये वाघांनी १३ सैनिक मारले आणि कोलंबोत तमिळांची घरे शोधून जाळली गेली. शोधायला हातात मतदार याद्या होत्या. पुढे मे २००९ पर्यंत युद्ध चालले.

मळ्यातल्या लोकांनी वेगळे राज्य मागितले नव्हते, तरी १९७७ आणि १९८३ च्या दंगलींत तेही मार खाऊन गेले. त्यांच्यातल्या उरलेल्या बिनदेशी लोकांना नागरिकत्व देणारा शेवटचा मोठा कायदा २००३ मध्ये झाला. पंचावन्न वर्षे.

हॅटनला बस दुरुस्त झाली तेव्हा तो तरुण शिक्षक मला म्हणाला, "तुम्ही आंबेडकरांचे लोक ना? मी त्यांच्याबद्दल वाचलंय. तुमच्या यात्रा दरवर्षी इथून जातात. आमच्या शाळेत कधी कुणी उतरलं नाही." मी काही बोललो नाही. आमच्या गाडीतले लोक समोरच्या दुकानातून चहाची पाकिटे घेत होते.

यंदाच्या धम्मयात्रेत हॅटनसाठी अर्धा दिवस ठेवा आणि शाळेला बाबासाहेबांचे इंग्रजी खंड द्या, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. अजून उत्तर नाही. त्या इंजिनिअरिंगच्या मुलालाही मी फोन केला. तो म्हणाला, सर, लिहूनच द्या, वर्गात वाचून दाखवतो. म्हणून हे लिहिले.